माणसं इतकी काळीकुट्ट का रंगवलीत? (केरी जेम्स मार्शल)

टेम्सकाठची

मंडळी, चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगते, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मागच्या शनिवारी इथे पिकॅडिलीला रॉयल अकॅडमीत केरी जेम्स मार्शलचं प्रदर्शन बघितलं. खरं तर बाहेर पाऊस होता, लेकीला (वय 9) घेऊन कुठेतरी छपराखाली जायचं होतं, ऑफिसातल्या एकीने सांगितलं की हे बघच, ब्लॅक लोकांचा इतिहास जपून ठेवणारा आज जिवंत असलेला सगळ्यात मोठा चित्रकार आहे. गेलो. चित्रं अवाढव्य, एकेक आमच्या हॉलच्या भिंतीएवढं, रंग भडक, गुलाबी काय, पिवळा काय, आणि त्यात माणसं मात्र काळी. काळी म्हणजे सावळी नाही, तपकिरी नाही, तव्याच्या बुडासारखी काळी. अशा रंगाचं माणूस मी तरी कुठे पाहिलेलं नाही. लेक मोठ्याने म्हणाली, आई, यांचे चेहरे का नाही दिसत? आजूबाजूला दोनतीन ब्लॅक बायका उभ्या होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तिला ओढत पुढच्या खोलीत नेलं.

घरी येऊन फोनमधले फोटो बघितले तर त्यात खरंच काही दिसत नाही, काळे डाग आणि पांढरे डोळे.

तर दोन शंका. एक, एका ब्लॅक माणसानेच आपल्या माणसांना असं का रंगवावं? गोऱ्यांनी पूर्वी व्यंगचित्रांत काढलं तेच हे झालं ना? आणि दोन, इतिहास इतिहास म्हणतात तो कुठे आहे? मी तर न्हाव्याचं दुकान बघितलं, ब्यूटी पार्लर बघितलं, लोक बागेत काम करतायत. साखळदंड नाहीत, चाबूक नाहीत. माझ्या नजरेतून काही निसटलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कावकाजळ

ताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, आणि लेकीला ओढून न्यायचं काही कारण नव्हतं, तिने नेमकं तेच विचारलं जे चित्रकाराला कोणीतरी विचारायला हवं होतं.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, त्यामुळे रंगाच्या बाजूने सांगतो, इतिहासाचं दुसरे लोक सांगतील.

आम्ही कलामहाविद्यालयात होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं, पेटीतली काळी ट्यूब काढून टाका. सावली हवी तर बर्न्ट अंबर या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा घाला, काळा हा मेलेला रंग, चित्रात भोक पाडतो. आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी पेंटिंग शिकलंय त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेलच. आणि त्याच पेटीत 'फ्लेश टिंट' नावाची एक ट्यूब असायची, गुलाबी पिवळट, वर्गातल्या एकाही पोराच्या कातडीशी न जुळणारी, तिच्याबद्दल मात्र सर काही बोलले नाहीत! मलाही तेव्हा काही खटकलं नाही, खोटं कशाला बोलू.

मार्शलने काय केलं तर जो रंग टाळायला सांगतात तोच घेऊन आयुष्यभर बसला. बाजारात मुख्य काळे तीन मिळतात. आयव्हरी ब्लॅक म्हणजे हाडं जाळून केलेला, जरा पातळ, त्यातून खालचं दिसतं. कार्बन ब्लॅक, काजळीच्या जातीचा, निळसर झाक मारतो. आणि मार्स ब्लॅक, तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, किंचित तपकिरी आणि दणकून झाकणारा. हे तिन्ही तो वेगवेगळे वापरतो, वर त्यांच्यात कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा, जांभळा असं मिसळून आणखी काळे तयार करतो. म्हणजे गालाचा काळा वेगळा, मानेचा वेगळा, केसांचा वेगळा. पांढरा घालून उजळ करायचं नाही, काळ्यातच ऊन आणि काळ्यातच सावली.

हे वाचून मीही एकदा करून बघितलं, कॅनव्हास बोर्डवर, माझ्या धाकट्या भावाचं डोकं. पहिल्या दिवशी नुसतं डांबर झालं. दुसऱ्या दिवशी कपाळाला निळसर आणि गालाला तपकिरी लावलं तरी ट्यूबलाइटखाली काहीच कळेना, फळा उभा केल्यासारखं. मग बोर्ड खिडकीशी नेऊन थोडा तिरका धरला आणि एकदम नाक वर आलं. नाकच आलं, बाकी भावाचं काही आलं नाही, पण तेवढ्यानेही माझं समाधान झालं.

तुमचा फोन इथेच फसतो. भोवती गुलाबी पिवळे असले की कॅमेरा त्यांच्या हिशोबाने उजेड ठरवतो आणि काळ्यातले सगळे बारीक फरक चिरडून एक करून टाकतो. मूळ चित्रासमोर डोळ्यांना जरा वेळ द्यावा लागतो. पंढरपूरला गाभाऱ्यात गेल्यावर पहिल्या क्षणी फक्त चंदनाचा टिळा आणि तुळशीची माळ दिसते बघा, आणि मागून कोणी ढकललं नाही तर मग हळूहळू पाषाणातून गाल, हनुवटी, ओठ असं सगळं वर यायला लागतं, तसं.

परत जाणार असाल तर एका चित्रासमोर तीन मिनिटं उभ्या राहा, घड्याळ लावून.

लेक_मिशिगनवाला

कावकाजळ सरांचा प्रतिसाद जबरी. मी गेली पंधरा वर्षं शिकागोत आहे, मार्शल इथलाच (1987 पासून), त्यामुळे आमच्याकडे तो 'आपला माणूस' या कॅटेगरीत मोडतो, म्हणून थोडं जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आधी तुमची व्यंगचित्राची शंका. ती चूक नाहीये. त्याचं पहिलं असं चित्र 1980 चं, वहीच्या पानाहूनही लहान, कागदावर अंड्याच्या बलकातले रंग, काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस, हॅट घातलेला, दिसतात फक्त डोळे, शर्टाचा त्रिकोण आणि पुढचा एक दात नसलेलं हसू. नाव 'पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ'. ते त्या घाणेरड्या व्यंगचित्रांसारखंच दिसतं आणि मुद्दामच. राल्फ एलिसनची 1952 ची कादंबरी त्याच्या डोक्यात होती, त्यातला ब्लॅक नायक म्हणतो की मी अदृश्य आहे कारण लोक मला बघायलाच तयार नाहीत. म्हणजे माणूस समोर उभा आहे पण दिसत नाही, हे चित्रात आणायचं कसं, तर काळ्यावर काळा. पण तिथून पुढे मार्शल त्या सपाट सावलीत अडकून राहिला नाही. पुढच्या चित्रांत तोच काळा रंग ठेवून त्याला गाल दिले, बोटं दिली, लाज दिली, रुबाब दिला.

आणि रंग उजळ का नाही केला, तर त्याचं म्हणणं साधं आहे. संग्रहालयात जा, शेकडो वर्षांची चित्रं बघा, भिंतीवर सगळी गोरी माणसं, ब्लॅक माणूस असलाच तर कोपऱ्यात तबक धरून. मग मी जेव्हा रंगवीन तेव्हा त्यात तडजोड नाही, अर्धवट तपकिरी नाही, दुसऱ्या टोकाच्या दारातून बघणाऱ्यालाही कळलं पाहिजे की ही ब्लॅक माणसं आहेत.

आता इतिहास. माणूस जन्मला 1955 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. 1963 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. मार्शल मंडळींचं नवं घर लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, तिथे 1965 ला दंगल. पुढे त्याच शहरातल्या साउथ सेंट्रलमध्ये ब्लॅक पँथर या लढाऊ ब्लॅक संघटनेचं ऑफिस घराच्या जवळ. तो स्वतःच म्हणतो की अशा ठिकाणी जन्मून आणि अशा ठिकाणी वाढून आपल्यावर काही जबाबदारी नाही असं वाटणं शक्यच नव्हतं.

एक गोष्ट मला फार आवडते. बर्मिंगहॅमच्या बालवाडीत त्याच्या बाईंकडे एक चिकटवही होती, कुठून कुठून कापलेली चित्रं, कार्डं लावलेली, आणि शहाण्यासारखं वागलं की बक्षीस म्हणून ती बघायला मिळायची. तो म्हणतो चित्रकार व्हायचं तिथून सुरू झालं. मग लॉस एंजेलिसला शाळेत असताना एका पुस्तकात चार्ल्स व्हाइट नावाच्या ब्लॅक चित्रकाराचं काम दिसलं, आणि थोड्या वर्षांनी कळलं की हा माणूस जिवंत आहे आणि याच शहरात ओटिस नावाच्या कलासंस्थेत शिकवतो. गडी तिथेच जाऊन शिकला, 1978 ला डिग्री.

आता 'बागेत काम करणारे लोक'. ते बहुतेक गार्डन प्रोजेक्टमधलं काहीतरी असणार, 1994-95 ची पाच चित्रं. अमेरिकेत सरकारने गरिबांसाठी ज्या इमारतींच्या वसाहती बांधल्या त्यांच्या नावात गंमत म्हणजे 'गार्डन्स' असायचं, स्टेटवे गार्डन्स, रॉकवेल गार्डन्स, आल्टगेल्ड गार्डन्स वगैरे. त्यातलं स्टेटवेचं चित्र, 'मेनी मॅन्शन्स', इथे आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात आहे, मी ते दहाबारा वेळा तरी बघितलंय. तीन ब्लॅक पुरुष, पांढरे स्वच्छ शर्ट, टाय, काळ्या पँटी, आणि फुलझाडं लावतायत. टाय लावून कोण खुरपं धरतं? मागे इमारती उभ्या, पुढे सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या ईस्टरच्या टोपल्या, वर निळे पक्षी फीत धरून. एवढं गोडगोड की संशय यावा, आणि मधूनच पांढऱ्या रंगाचे फटकारे, ओघळ, जणू कोणी येऊन चित्रावर डाग पाडून गेलंय. आणि कॅनव्हास चौकटीवर ताणलेला नसतो त्याचा, कडांना धातूच्या रिंगा ठोकून भिंतीवर टांगलेला, बॅनरसारखा.

त्या वसाहती बातम्यांत यायच्या फक्त ड्रग्ज आणि गोळीबारासाठी. तिथे लोक राहत होते, रविवारी इस्त्रीचे कपडे घालत होते, दारापुढे झाडं लावत होते, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. मालिकेतलं एक चित्र निकरसन गार्डन्सचं, तिथे तो लहानपणी स्वतः राहिलाय. आणि आता स्टेटवे उभीच नाही, 2007 पर्यंत सगळ्या इमारती पाडून झाल्या. मी त्या रस्त्याने ट्रेनने जातो, बघायला गेलं तर तिथे त्यातलं काही नाही. आर्ट इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर आहे. मग हा इतिहास नाही तर काय?

रोखठोक

सगळं छान आहे हो. पण एक सांगा, बागेत पिकनिकला बसलेल्या लोकांचं त्याचं एक चित्र 2018 ला 2 कोटी 11 लाख डॉलरला गेलं, रॅपर शॉन कॉम्ब्सने घेतलं. एवढे पैसे पडले की कशालाही इतिहास म्हणायला माणसं तयार होतात. उद्या आमच्या गल्लीतल्या सलूनचं चित्र काढलं तर तो कटिंगचा इतिहास होणार का? मूळ प्रश्नकर्तीचा दुसरा मुद्दा मला पटलेला आहे. गुलामगिरी, मारहाण, झाडाला टांगलेली माणसं, हा इतिहास आहे. तो दाखवायला छाती लागते. पिकनिक रंगवायला लागत नाही.

लेक_मिशिगनवाला

रोखठोकराव, पैशाचं आधी सांगतो कारण ती कथा तुम्हाला अर्धीच माहीत दिसते.

ते चित्र म्हणजे 'पास्ट टाइम्स', 1997 चं. ते इथल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या सरकारी मंडळाने घेतलेलं, किती ला, तर 25 हजार डॉलरला. विक्रीचे पैसे मिळाले ते मंडळाला, चित्रकाराला नाही. मग त्याच 2018 मध्ये शिकागो महापालिकेला चटक लागली. 1995 मध्ये त्यांनी मार्शलकडून वेस्ट साइडच्या एका ब्रँच लायब्ररीसाठी भिंतभर चित्र करून घेतलं होतं, 'नॉलेज अँड वंडर', मुलं आणि मोठी माणसं उंचच उंच पुस्तकांसमोर उभी आहेत, पुस्तकं त्यांच्यापेक्षा मोठी. त्याला दिलेले 10 हजार डॉलर. हे चित्र लिलावात काढायचं ठरलं, अंदाज 1 कोटी ते दीड कोटी. आणि आदल्याच वर्षी याच माणसाने शहरासाठी कल्चरल सेंटरच्या भिंतीवर शिकागोच्या 20 बायकांचं अख्खं म्यूरल डिझाइन करून दिलं होतं, फी 1 डॉलर! लोक भडकले, मार्शलही बोलला की माझ्या घामातून निघेल तेवढं पिळून घेतलं या शहराने. शेवटी नोव्हेंबरात महापौरांनी चित्र मागे घेतलं. त्या भागात ब्लॅक वस्ती आहे, लायब्ररीत येणारी पोरं त्या चित्रातल्या पोरांसारखी दिसतात, ते विकून तिथे एसी बसवला असता तर काय उपयोग होता हो.

आणखी एक. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये 1953 पासून दोन खिडक्या होत्या, रंगीत काचेच्या, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या ली आणि जॅक्सन या सेनापतींच्या गौरवाच्या. 2017 ला त्या काढल्या. नव्या खिडक्या मार्शलने केल्या, 2023 मध्ये बसल्या, मोर्चाने चाललेली माणसं आहेत, हातात फलक. फी घेतली 18 डॉलर 65 सेंट. आकडा नीट वाचा, 1865 साली ते युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली.

छातीचा मुद्दा दुसऱ्या कोणी घ्या, मला मीटिंग आहे.

निळी_शाई

छातीचा मुद्दा मी घेते.

रोखठोकजी, तुम्ही म्हणता ते झाडाला टांगलेल्या माणसांचं चित्र त्याने केलेलं आहे. फक्त तुमच्या अपेक्षेसारखं नाही. 7 ऑगस्ट 1930 ला इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावात जमावाने दोन ब्लॅक तरुणांना तुरुंगातून ओढून झाडाला लटकवलं. गावच्या फोटोग्राफरने फोटो काढला आणि त्याच्या हजारो प्रती विकल्या, आठवण म्हणून, आपण जत्रेतून देवाचा फोटो आणतो तसं. फोटोत वर दोन देह आणि खाली गर्दी, काही बायका वळून चक्क कॅमेऱ्याकडे बघतायत.

मार्शलने 2002 मध्ये तो फोटो घेतला, सगळा इतका फिका केला की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि त्या गर्दीतल्या तीन बायकांचे चेहरे तेवढे ठेवले, प्रत्येक चेहरा एका लॉकेटमध्ये, साखळीसकट. तीन प्रिंट्स. नाव 'हेअरलूम्स अँड अ‍ॅक्सेसरीज'. हेअरलूम म्हणजे आजीकडून आईला, आईकडून लेकीला येतो तो दागिना. अ‍ॅक्सेसरी म्हणजे दागिना आणि गुन्ह्यातला साथीदारही. मेलेल्यांचे देह पुन्हा एकदा तमाशाला लावले नाहीत त्याने. बघणाऱ्यांना पकडलं. मला विचाराल तर चाबूक रंगवायला यापेक्षा कमीच छाती लागते.

दुसरं चित्र सांगते, कारण मूळ धाग्यात 'जपणं' हा शब्द आहे आणि जपायला मुळात काहीतरी हातात असावं लागतं. बॉस्टनला स्किपिओ मूरहेड नावाचा गुलाम चित्रकार होता. फिलिस व्हीटली ही गुलाम कवयित्री, तिचं पुस्तक 1773 ला लंडनला छापलं गेलं, त्यात तिचं लिहायला बसलेलं चित्र आहे, ते याने काढलेल्या चित्रावरून केलं असं मानतात. त्याच्या सहीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. तो कसा दिसायचा कोणालाच ठाऊक नाही. मार्शलने 2007 मध्ये त्याचं स्वतःचं पोर्ट्रेट करून टाकलं, म्हणजे 1776 साली मूरहेडने आरशात बघून स्वतःला रंगवलं असतं तर ते कसं असतं, ते. कागदपत्रांत नसलेला माणूस चित्रकार म्हणून भिंतीवर लावला. इतिहासकाराला हे चालणार नाही, मान्य. पण ज्यांचं काही ठेवलंच गेलं नाही त्यांनी काय करायचं?

हे मला इतकं का लागतं ते सांगते, जरा अवांतर होईल. आमच्या घरी आजीचा एकच तरुणपणीचा फोटो आहे, लग्नानंतरचा, तालुक्याच्या गावी काढलेला. मूळ कृष्णधवल, स्टुडिओवाल्याने हाताने रंगवून दिला. गाल गुलाबी, हात गव्हाळ, साडी हिरवी. आजी तशी नव्हतीच. आजी काळी होती, उन्हात काम करून आणखी काळी, आणि हसली की दात लख्ख दिसायचे. 'जरा उजळ करून दिलंय' असं तो कौतुकाने म्हणाला होता म्हणे, आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले! आजीने आयुष्यभर तो फोटो ट्रंकेत उलटा ठेवला. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचा खरा रंग आता कुठेच नाही, फक्त आम्हा चारपाच नातवंडांच्या डोळ्यांत आहे. म्हणून हा माणूस रंगात तडजोड नाही म्हणतो तेव्हा ती मला चित्रकलेतली थिअरी वाटत नाही.

बाकी आपल्याकडे हे नातं नवं नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि 1972 ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव घेतलं ते त्याच ब्लॅक पँथरचं, जिच्या ऑफिसजवळ मार्शल लहानाचा मोठा झाला. जात आणि वर्ण एकच आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तो वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

रोखठोक

लॉकेटचं माहीत नव्हतं. शोधून बघितलं. पहिल्यांदा दागिन्याची जाहिरातच वाटली, मग झूम केल्यावर मागचं झाड दिसलं. माघार घेतो, त्या मुद्द्यापुरती.

पैशाबाबत माझं मत तेच आहे. आणि आजीच्या फोटोबद्दल वाचून वाईट वाटलं.

कावकाजळ

निळी_शाई, स्टुडिओवाल्यांच्या त्या रंगपेटीत काळा नसायचाच. माझे काका हेच काम करायचे, बाटल्यांवर 'गाल' आणि 'ओठ' असं लिहिलेलं होतं.

टेम्सकाठची ताई, तुम्ही ब्यूटी पार्लर म्हणालात ते 'स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर', 2012 चं असणार. त्यात खाली जमिनीवर एक विचित्र लांबुळका पिवळा डाग होता का? तो डाग नाही. परत जाल तर बाजूने बघा. आणि तिथून पायी पंधरा मिनिटांवर ट्रॅफलगर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं 'अँबॅसडर्स' आहे, 1533 चं, लेकीला तेही दाखवा, का ते सांगत नाही.

टेम्सकाठची

सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल परत गेलो. तिकिटाचे पैसे पुन्हा, नवरा म्हणाला तेवढ्यात जेवण झालं असतं. असो.

लेकीने फोनवर तीन मिनिटांचा टायमर लावला आणि न्हाव्याच्या दुकानासमोर ('डी स्टाइल', 1993) आम्ही दोघी उभ्या. पहिलं मिनिट काही नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली, आई त्या माणसाच्या ओठांवर मिशी आहे. आई याच्या गालाला हिरवं आहे थोडं. आई हा आपल्याकडेच बघतोय. न्हावी हात वर करून उभा आहे आणि डोक्यामागे गोल, चर्चमधल्या संतांसारखा, ते मागच्या वेळी मी बघितलंच नव्हतं, मी केसांचे ते एवढाले मनोरे बघून हसले होते फक्त.

मग पार्लर. पिवळा डाग होता. लेक बाजूला जाऊन वाकली आणि किंचाळली, आई स्लीपिंग ब्यूटी! खरंच, सोनेरी केसांच्या त्या कार्टूनमधल्या राजकन्येचं डोकं आहे, वाकडं ताणलेलं, बाजूने सरळ होतं. पार्लरमधल्या बायकांचं लक्षच नाही तिच्याकडे, त्या आपल्या नटूनथटून उभ्या आहेत. फक्त चित्रातलं एक छोटंसं पोर वाकून तिला बघतंय. आणि माझी लेक तशीच वाकलेली, त्याच पोझमध्ये. शेजारी एक ब्लॅक आजी उभ्या होत्या, त्या खो खो हसल्या, म्हणाल्या, मलाही आत्ता दिसलं. म्हणजे मागच्या शनिवारी मी उगाच पळाले.

नॅशनल गॅलरीतल्या होल्बाइनच्या चित्रात ताणून लपवलेली कवटीही बघितली, उजवीकडच्या भिंतीला जवळजवळ टेकून उभं राहावं लागतं. तिकडे आत शिरायला पैसे नाहीत हे नवऱ्याला आवर्जून सांगितलं. घरी येताना लेक विचारत होती की चारशेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने कवटी लपवली होती, मग याने राजकन्या का लपवली? मी म्हटलं तूच सांग. ती म्हणाली, कारण ती भूत आहे. मला यावर काही बोलता आलं नाही.

आता ती तिच्या मैत्रिणीचं चित्र काढते म्हणतेय, मैत्रीण घानाची आहे. वर्गातल्या क्रेयॉनमध्ये तिच्यासाठी एकच चॉकलेटी आहे आणि तो 'झाडाच्या खोडाचा' आहे असं तिचं म्हणणं. कावकाजळ सर, सुरुवातीला कोणत्या ट्यूब आणू? ऑइल की अ‍ॅक्रिलिक? स्वस्तातलं चालेल का?

कावकाजळ

अ‍ॅक्रिलिकच आणा. ऑइलमध्ये आयव्हरी ब्लॅक वाळायला फार वेळ घेतो, नऊ वर्षांचं पोर तेवढं थांबणार नाही आणि तुमचा सोफा जाईल. मार्स ब्लॅक आणि आयव्हरी ब्लॅक एकेक, कार्बन मिळाला तर तोही, नाही मिळाला तरी अडत नाही, एक निळी, एक बर्न्ट अंबर. पांढरी ट्यूब मात्र पहिले चार दिवस तुमच्याकडेच ठेवा, देऊ नका. कागद जाड, आणि मैत्रिणीला खिडकीशी बसवा, ट्यूबलाइटखाली नको.

टेम्सकाठची

ट्यूबलाइट नाहीच आमच्याकडे, पण ऊनही नाही :) मार्चपर्यंत थांबावं लागणार बहुतेक.